उघड्या डोळ्याचा डबा

ओव्हाळ सिस्टरांच्या हातात कुठलीही वस्तू पडली की ती आधी उलटी व्हायची. काडेपेटी, बिस्किटाचा पुडा, खोकल्याच्या औषधाची बाटली, वनस्पती तुपाचा डबा, काहीही. बारीक छापलेलं कुठं आहे ते त्या शोधत, चष्मा कपाळावर सरकवत, वस्तू नाकाशी नेत आणि पुटपुटत वाचत. इंग्रजी त्यांना येत होतं म्हणावं तर ते खोटं होईल आणि येत नव्हतं म्हणावं तर तेही खोटंच. सातवी पास होऊन त्या नर्सिंगला गेल्या होत्या. तिथं जे शब्द भेटले ते त्यांनी एका वहीत उतरवून ठेवले होते. पुढं लेबलावर नवा शब्द दिसला की तोही त्या वहीत जाई आणि त्याचा अर्थ कळेपर्यंत त्या डॉक्टरांची पाठ सोडत नसत. डॉक्टर कंटाळून सांगून टाकत. आमच्या दवाखान्यात लेबल वाचणारं माणूस एकच होतं आणि ते मी नव्हतो, हे आत्ताच सांगून ठेवतो.

मी तिथं कंपाउंडर होतो. वेल्हे तालुक्यातला तो एक सरकारी दवाखाना. गावाचं नाव सांगत नाही, आणि पुढचं वाचल्यावर का ते तुम्ही विचारणार नाही. एकोणीसशे साठचं दशक सरत आलं होतं. मी भोरचा, घरात सगळे नोकरदार, आणि या डोंगरात आपण चार दिवसांचे पाहुणे अशा तोऱ्यात मी वावरत असे. सिस्टरही भोरच्याच, पण बौद्धवस्तीतल्या. नवरा क्षयानं गेलेला, मूलबाळ नाही. उंच, हाडकुळ्या, पायात पुरुषी चपला, आणि चालणं असं की बरोबरच्या माणसाला धापच लागावी. विंझरपासून वरच्या वाड्यांपर्यंत असा एक उंबरा नसेल जिथं त्या बाळंतपणाला गेल्या नाहीत. बोलणं मात्र फार कमी. हसणं त्याहून कमी.

त्या दिवसांत परदेशातून मदतीची दुधाची पूड यायची. गरोदर बायांना आणि लहान मुलांना ती फुकट वाटायची असा हुकूम होता. ही पूड साय काढलेल्या दुधाची. साय गेली की तिच्याबरोबर डोळ्यांना लागणारं जीवनसत्त्व अ जातं, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं आणि सिस्टरांना पोरांकडं बघून. काही गोण्यांमधल्या पुडीत कारखान्यातच ते जीवनसत्त्व वरून घातलेलं असे, काहींत नसे. घातलेलं असलं की गोणीवर तशी एक ओळ छापलेली. नसलं की तान्ह्या बाळांना ही पूड देऊ नये अशी दुसरी ओळ. दोन्ही पुडी पांढऱ्या, दोन्हींचा वास सारखा, चव सारखी. फरक काय तो गोणीवरच्या त्या एका इंग्रजी ओळीचा. आणि गोणी तर दवाखान्यातच राहायची. बाया घरून डबा आणत, त्यात मी माप ओतत असे, आणि ती ओळ मागे राहून पूड डोंगर चढून जाई.

सिस्टरांचा जीव इथं अडकायचा. "आत काय हाय ते भाईर लिवल्यालं पायजे," त्या म्हणायच्या. "आन् ज्यानं भरलं त्यानंच लिवाया पायजे. दुसऱ्यानं न्हाई." हे त्या इतक्या वेळा म्हणत की मी आणि शिपाई त्यांच्या पाठीमागे त्यांची नक्कल करत असू.

विंझरकडं जाताना रस्त्याला एक दुकान होतं. दुकानदार भला माणूस, पण सुटं विकायची सवय. बाळांच्या दुधाचा रिकामा डबा त्याच्याकडं होता, वर गुटगुटीत बाळाचं चित्र, आणि त्यात तो कसलंसं सुटं पीठ ठेवून विकायचा. सिस्टरांनी तो डबा उलटा केला, सरळ केला, झाकण उघडून बोट घातलं, चाखलं.

"हे काय हाय?"

"अवो बाई, पोरास्नी चांगलं असतंय. चित्र बघा की."

"चित्राचं न्हाई इचारलं. आत काय हाय?"

दुकानदाराला सांगता येईना, कारण त्याला ते माहीतच नव्हतं. सिस्टर तिथंच ओट्यावर बसल्या. पंचायतीत तक्रार नाही, आरडाओरडा नाही. येणाऱ्या प्रत्येक बाईला त्या एवढंच सांगत होत्या, "त्या डब्यातलं काय हाय ते शेटला ठावं न्हाई." दुपार टळेपर्यंत बसल्या. शेवटी दुकानदारानं चिडून डबा त्यांच्या पुढ्यात आदळला आणि म्हणाला, "न्या हो तुमी ह्यो." त्यांनी खरोखरच नेला. त्यावरचा कागद भिजवून सोडवला आणि वहीत चिकटवला. असे कितीतरी कागद त्या वहीत होते. आम्ही तिला सिस्टरांची पोथी म्हणत असू.

खुणेची कल्पना त्यांना हिवताप खात्यावरून सुचली. ती माणसं घराच्या भिंतीवर गेरूनं तारीख टाकून जात. सिस्टरांनी तेलरंगाची एक तांबडी डबी पैदा केली आणि बारीक कुंचला. पूड न्यायला आलेल्या प्रत्येक डब्यावर त्या डोळा काढू लागल्या. जीवनसत्त्व घातलेली पूड असेल तर उघडा डोळा, आत बुबुळासकट. साधी पूड असेल तर मिटलेला डोळा, म्हणजे नुसती एक वाकडी रेघ. मिटल्या डोळ्याची पूड मोठ्यांनी चहाला, कढीला वापरावी. तान्ह्याला द्यायची ती उघड्या डोळ्याचीच. एवढं सोपं की अक्षराचा गंध नसलेल्या म्हातारीलाही कळावं. मला ते बघून हसू आलं होतं, आणि थोडा हेवाही वाटला होता. सरकारला जे छापून जमलं नाही ते ह्या बाईनं दोन रेघांत केलं होतं.

डोळा काढून घ्यायला सगळ्याच बाया खूष होत्या असं नाही. एका मोठ्या घरातल्या बाईंनी सिस्टरांनी हात लावलेला डबा दवाखान्याच्या आवारातच पाण्यानं खळखळून धुतला. सिस्टर शेजारी उभ्या. सगळ्यांचं लक्ष त्यांच्याकडं. त्या म्हणाल्या, "धुवा, चांगला धुवा. तेलरंग हाय, जायाचा न्हाई." बाईंनी डबा उचलला आणि निघून गेल्या. सिस्टरांनी पुढचा डबा घेतला. त्यांच्या चेहऱ्याकडं मी पाहिलं नाही. तेव्हा मी असल्या गोष्टी पाहत नसे.

दोन वर्षांत त्या डोळ्याचं भलतंच प्रस्थ वाढलं. वाड्यांमधून डबा तसा मौल्यवान. एकदा घरात आला की धान्य, गूळ, मीठ, काही ना काही त्यात राहतं आणि तो पिढीभर टिकतो. त्यात हा दवाखान्याचा, डोळ्याचा डबा. ज्या घरात तो होता तिथली पोरं धडधाकट निघाली, असं बायांच्या ध्यानात आलं. आणि ते खरंही होतं. मग एका घरचा डबा दुसऱ्या घरी जाऊ लागला. लेक बाळंतपणाला माहेरी आली की भावजय आपला उघड्या डोळ्याचा डबा तिला द्यायची, ती परत जाताना बरोबर न्यायची. कुणी त्या डोळ्याला हळदकुंकू लावायचं. मी एका घरात तो देव्हाऱ्याजवळ ठेवलेला पाहिला. सिस्टरांना सांगितलं तर त्यांनी हातातला कुंचला खाली ठेवला. मग म्हणाल्या, "डबा भरला की खून पुन्ना बघाया पायजे, भाऊ. दर टायमाला. पूड बदलली की डोळा बदलाया पायजे." मी हो म्हणालो. हे काम माझं होतं. पूड मी भरत होतो.

त्या वर्षी श्रावणाच्या अखेरीस सिस्टरांना देवीच्या लसीकरणासाठी तीन महिने भोरच्या बाजूला पाठवलं. जाताना रंगाची डबी आणि कुंचला त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. मी दोन्ही कपाटात टाकलं.

गोदाबाई वरच्या एका वाडीची. पहिलटकरीण. बाळंतपणानंतर तापानं तिचं दूध आटलं आणि मुलगी वरच्या दुधावर आली. गोदाबाईच्या नणंदेनं आपला डोळ्याचा डबा तिला दिला. तिचा नवरा तो डबा घेऊन दर पंधरवड्याला दवाखान्यात यायचा. रांगेत उभा राहायचा, पुढं करायचा, मी माप ओतायचो. उघडा डोळा माझ्या समोर असायचा, अगदी ठळक. भाद्रपदात नव्या गोण्या आल्या होत्या. पाऊस, चिखल, पन्नास माणसांची रांग, आणि कधी एकदा संपतं असं झालेलं. गोणीवरची ओळ मी वाचली नाही. एकदाही नाही. मी लेबल वाचणारा माणूस नव्हतो.

सिस्टर परत आल्या त्याच आठवड्यात गोदाबाई मुलीला घेऊन आली. मुलगी आठ-नऊ महिन्यांची, आधी हगवण लागून गेलेली. उजेडात डोळे मिटून रडत होती. सिस्टरांनी पापणी वर केली आणि तशीच धरून ठेवली. मीही वाकून पाहिलं. बुबुळावर चमक नव्हती, दूध नासावं तसं काहीतरी पांढुरकं पसरलं होतं. डॉक्टरांनी लगेच औषध दिलं, पुण्याला मोठ्या इस्पितळात धाडलं, सिस्टर स्वतः बरोबर गेल्या. चार दिवसांनी परत आल्या. मुलीचे दोन्ही डोळे गेले होते. तिथले डॉक्टर म्हणाले की आठवडाभर आधी आणलं असतं तर निदान एक वाचला असता.

सिस्टर एसटीतून उतरून घरी गेल्या नाहीत. सरळ माझ्या कोठीत आल्या. साडी चुरगळलेली, डोळे तांबारलेले.

"भाऊ, भादव्यात गोन्या आल्या, त्या वाचल्या व्हत्या का तुमी?"

"वाचल्या होत्या," मी म्हणालो.

"समद्या?"

"सगळ्या."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. कोपऱ्यात रिकाम्या गोण्यांची चळत होती, तिच्याकडंही पाहिलं असेल. "बरं," म्हणाल्या, आणि गेल्या. त्या "बरं"चा आवाज अजून माझ्या कानात आहे. एवढं सोपं खोटं मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी त्या गोदाबाईच्या वाडीवर निघाल्या. डॉक्टरांनी मलाही बरोबर पाठवलं, बाईमाणूस एकटी आणि तिथं काय होईल सांगता येत नाही म्हणून. तसलं काही झालं नाही. गोदाबाई दारात बसली होती, मांडीवर मुलगी. दारातच शेवग्याचं झाड, पाल्यानं वाकलेलं. सिस्टर तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि काही आडपडदा न ठेवता बोलल्या.

"गोदा, डब्यावरचा डोळा म्या काडलेला. आतली पूड दुसरी व्हती. तिच्यात डोळ्याचं औशद नव्हतं. हिचं डोळं त्याच्यापायी गेलं."

गोदाबाईला ते समजायला वेळ लागला. ती रडली नाही. म्हणाली, "तुमी डोळा काडला व्हता म्हनून तर म्या दुसरं काई इचारलंच न्हाई, बाई." आणि मुलीचं तोंड पदरानं पुसत, "आता हिला काय देऊ खायाला?"

सिस्टरांनी झाडाकडं हात केला. पाला शिजवून, गाळून, तेलाचा थेंब टाकून कसा द्यायचा ते नीट समजावून सांगितलं. गोदाबाई एकेक गोष्ट पुन्हा विचारून घेत होती. मी अंगणाच्या कडेला छत्री घेऊन उभा होतो. तेव्हा पुढं होऊन चार शब्द बोलायला मला कुणी अडवलं नव्हतं.

अहवाल लिहायची वेळ आली तेव्हा डॉक्टर सिस्टरांना म्हणाले, "हगवण आणि अपुरा आहार, एवढं लिहा. दर वर्षी लिहितोच आपण. कोण विचारतंय?" डॉक्टर वाईट नव्हते. त्यांना बदली हवी होती आणि चौकशी नको होती. सिस्टरांनी त्यांच्यासमोर बसून आपल्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं की डब्यांवर खूण काढायची पद्धत मी माझ्या मनानं सुरू केली, वरिष्ठांना विचारलं नाही, त्या खुणेवर भरवसा ठेवून बाळाला साधी पूड दिली गेली आणि बाळ आंधळं झालं. खाली सही. पूड कुणी भरली याबद्दल एक अक्षर नव्हतं. मी तो कागद नक्कल करायला घेतला तेव्हा दोनदा वाचला. आयुष्यात पहिल्यांदाच मी एखादा कागद शेवटच्या ओळीपर्यंत नीट वाचला असेन.

चौकशी झाली. डब्यांवर कसलीही खूण करू नये असा लेखी हुकूम आला आणि सिस्टरांची बदली किकवीच्या बाजूला झाली. जाण्याआधी त्यांना महिना मिळाला. त्या महिन्यात त्या एकेका वाडीवर जाऊन डोळे खरवडत होत्या. रॉकेलचा बोळा आणि दाढीचं पातं. बाया डबे देईनात. एका म्हातारीनं डबा पोटाशी धरला. "ह्या डोळ्यानं माझी तीन नातवंडं जगली, तू कोन पुसनारी?" असं तिनं सिस्टरांनाच विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "म्याच काडलाय, आजी. म्याच पुसते." म्हातारी शेवटी रडू लागली, पण डबा दिला. संध्याकाळी सिस्टर परत यायच्या तेव्हा त्यांची बोटं पात्यानं कापलेली असत. मी टिंक्चर लावून देत असे. त्या बोट पुढं करत आणि दुसरीकडं बघत. आमचं त्या महिन्यात बोलणं झालं ते एवढंच.

त्यानंतर वर्षं गेली. मी तिथंच राहिलो. माझ्या बढतीचा कागद वेळेवर आला. गोण्या मात्र मी वाचू लागलो, प्रत्येक गोणी, चारी बाजूंनी. लोक माझं कौतुक करत.

सिस्टर मला शेवटच्या दिसल्या त्या नसरापूर फाट्यावर. जूनचा महिना होता. मी भोरच्या गाडीसाठी उभा होतो, त्या पुण्याच्या. केस पांढरे झाले होते, चालण्यातला जोर तोच. त्यांच्या हाताला धरून सात-आठ वर्षांची एक मुलगी उभी होती. दोन वेण्या, लाल रिबिनी, पायाशी पत्र्याची लहान पेटी. डोळ्यांच्या जागी पांढरं. मी ओळखलं आणि गर्दीत मागं सरकू लागलो. पण त्यांनी मला पाहिलं होतं.

"सुट्टी सपली. शाळंत सोडाया चाललेय," सिस्टर म्हणाल्या. पुण्याच्या अंध मुलींच्या शाळेत त्यांनीच तिला घातलं होतं. न्यायला, आणायला त्याच जात. गोदाबाईला पुढं आणखी दोन मुलं झाली, दोघांचे डोळे चांगले आहेत, हेही त्यांनीच सांगितलं. मग मुलीला म्हणाल्या, "कुसुम, हे आपल्या दवाखान्यातलं भाऊ."

मुलीनं हात जोडले, तोंड माझ्यापासून जरा बाजूला.

मला काय झालं माहीत नाही. इतकी वर्षं तोंडाशी आलेलं मी गिळत आलो होतो, ते तिथं रस्त्यावर बाहेर पडलं. मी हळू आवाजात म्हणालो, "सिस्टर, त्या वेळी मी गोण्या वाचल्या नव्हत्या."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "तुमी घरला गेल्यावर त्याच दिशी म्या रिकाम्या गोन्या उलगडून बघितल्या. समद्या साध्या व्हत्या."

"मग लिहिलं का नाहीत?"

"माजं म्या लिवलं. तुमचं म्या कशी लिवनार?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "आन् मला कशापायी सांगताय? हिला सांगा. हिला समदं समजतंय आता."

मुलीनं चेहरा वर केला. ती वाट बघत होती, अगदी शांतपणे, ज्यांना ऐकूनच सगळं कळून घ्यायचं असतं त्यांच्यासारखी. मी तिच्यासमोर वाकलो. तेवढ्यात पुण्याची गाडी आली, धुरळा उडाला, माणसं धावली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "नीट शिक, बाळ."

सिस्टरांनी पेटी उचलली. मला ती उचलून द्यायचंही सुचलं नाही. त्या दोघी चढल्या आणि माझ्या बाजूच्या खिडकीशी बसल्या. काच नव्हती, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं.

"मावशी, ते भाऊ मला काय सांगनार व्हते?" मुलीनं विचारलं.

सिस्टरांनी खिडकीतून माझ्याकडं पाहिलं. कंडक्टरनं घंटा दिली तरी त्या पाहतच होत्या. गाडी हलली तेव्हा त्या तिच्याकडं वळल्या.

"ते भाऊ न्हाई सांगत," त्या म्हणाल्या.